पाण्यात उतरायला किती डॉलर लागतात?

गेल्या उन्हाळ्यात आमच्या मंडळाच्या सहलीत एका गृहस्थांनी माझ्या कनूच्या बुडावर दोन बोटांनी टकटक केलं आणि म्हणाले, "सुरुवातीला ठीक आहे हो, पण पुढेमागे खरी कनू घ्या." ते स्वभावाने वाईट नाहीत. त्यांची केव्हलारची कनू सुंदर आहे, आणि ती त्यांनी कष्टाच्या पैशांनी घेतली आहे. पण त्या 'खरी' या शब्दाने माझं डोकं फिरलं ते अजून ताळ्यावर आलेलं नाही, म्हणून हा लेख.

माझी कनू लाल होती, आता उन्हाने गुलाबी झाली आहे. पॉलिथिलिनची, साडेपंधरा फुटी, वजन 38 किलो. एका रिटायर झालेल्या बाईंच्या गॅरेजमधून दोन वल्ह्यांसकट 300 डॉलरला घेतली. नवी केव्हलारची घ्यायची तर 3000 डॉलरच्या वर मोजावे लागतात. आम्ही मिनिआपोलिसला राहतो. उन्हाळ्यातल्या दहा-बारा रविवारी तळ्यावर जातो, दोन तास वल्हवतो, डबा खातो, परत येतो. माझ्यासारख्या माणसाला ही कनू पुरेशी आहे का, एवढाच प्रश्न आहे. माझं उत्तर हो आहे. नुसतं 'चालेल' अशा अर्थाने नव्हे. पुष्कळ बाबतींत तीच जास्त बरी, असं मी म्हणते.

पहिला आक्षेप वेगाचा. त्यांची कनू 20 किलोची, माझी 38. ऐकायला जवळजवळ दुप्पट. पण पाण्याला नुसती कनू जाणवत नाही, आत बसलेली माणसंही जाणवतात. दोन मोठी माणसं मिळून 140 किलो धरा. म्हणजे त्यांचे 160 आणि माझे 178. फरक 11 टक्के. तरी ते माझ्या पुढे जातात हे खरं आहे, कारण त्यांची कनू लांब आणि अरुंद आहे, तिचा आकार वेगासाठीच बेतलेला आहे. माझी रुंद, बुडाला सपाट. पण मला पलीकडच्या काठावर लवकर पोचून करायचं काय आहे? तिकडे काही नाही. बदकं आहेत.

वजनाची चिंता असेल तर आधी वल्ह्याचं वजन बघा, असं मी प्रत्येकाला सांगते. मिनिटाला 30 वेळा वल्हं मारलं तर तासाला 1800 वेळा ते पाण्याबाहेर उचलायचं. वल्हं 300 ग्रॅमने हलकं घेतलं की तासाभरात 540 किलो कमी उचलावं लागतं. त्या बाईंची जाड प्लॅस्टिकची वल्ही मी पहिल्याच महिन्यात बदलली. कनूत वाचवलेले पैसे इथे घालावेत.

आता सपाट बुडाबद्दल. जाणकार त्याला बाथटब म्हणून हसतात. सपाट बुडाची कनू शांत पाण्यात स्थिर बसते, पण एका मर्यादेपलीकडे कलली की चटकन उलटते. गोलसर बुडाची आधी डगमगते, पण बरीच कलली तरी सावरते. लाटांमध्ये दुसरीच चांगली. पण नवख्या माणसाला, पाच वर्षांच्या मुलीला आणि मासे धरायला अचानक वाकणाऱ्या नवऱ्याला पहिल्या पाच मिनिटांत न डगमगणारी नावच पाण्यावर टिकवून ठेवते. माझे बाबा मालवणकडचे. त्यांच्या लहानपणी घरच्या होडीला उलांडी होती, म्हणजे होडी कलंडू नये म्हणून बाजूला दोन दांड्यांवर बांधलेलं लाकूड. उलांडी लावतो तो कच्चा दर्यावर्दी, असं तिथे कुणी म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही.

"स्वस्त कनू धोक्याची असते," हे वाक्य मात्र मला सोडायचं नाही. अमेरिकन कोस्ट गार्ड दरवर्षी बोटींच्या अपघातांचा अहवाल काढतं. बुडून मेलेल्यांपैकी बहुतेकांनी लाइफ जॅकेट घातलेलं नव्हतं, हे त्यात वर्षानुवर्षं येतं. त्यानंतर दारू. आणि आमच्याकडे थंड पाणी: एप्रिलअखेर हवा 20 अंश असते, लोक टी-शर्टवर बाहेर पडतात, आणि ज्या पाण्यावरचा बर्फ नुकताच गेलाय ते काही मिनिटांत हातापायांतली ताकद काढून घेतं. यात कनू कशाची बनली होती याने काय फरक पडतो? मिनेसोटात दहा वर्षांखालच्या मुलांना जॅकेट घालणं कायद्याने सक्तीचं आहे; मोठ्यांनी नुसतं नावेत ठेवलं तरी कायद्याला चालतं. त्या सहलीत आमचे गृहस्थ जॅकेट बुडाखाली घेऊन बसले होते. गादी म्हणून.

माझी स्वतःची एक चूक सांगते. पहिल्या वर्षी मी एकटीच गेले आणि सवयीने मागच्या सीटवर बसले. पुढचं टोक पाण्याबाहेर, वारा सुटला, आणि कनू वाऱ्यावर कागदासारखी फिरू लागली. तासभर झुंजून भलत्याच काठाला लागले. तेव्हा मी कनूलाच शिव्या घातल्या. पुढच्या वर्षी बाबा आले, तेव्हा तसंच होऊ लागल्यावर ते काठावरून ओरडले, "नाळ वर आलीय, पुढे सर गो." मी मध्ये येऊन गुडघ्यांवर बसले आणि कनू सरळ चालू लागली. 3000 डॉलरच्या कनूचं टोकही असंच उचललं गेलं असतं, आणि हलकी म्हणून वाऱ्याने ती जास्तच फिरवली असती.

एक आक्षेप खरा आहे, तो मी टाळणार नाही. 38 किलो मला एकटीला गाडीच्या टपावर चढवता येत नाही. माझ्या सासूबाईंच्या वयाच्या बाईला तर दोघींतही जमणार नाही. स्वस्त नाव सगळ्यांसाठी म्हणायचं आणि ती उचलायला मात्र तरणाताठा माणूस लागणार, ही यातली मेख आहे. मी दोन चाकांची छोटी गाडी घेतली आणि टपासाठी शेजाऱ्याला हाक मारते. हा उपाय पुरेसा नाही, हे कबूल. शिवाय पॉलिथिलिनला गोंद चिकटत नाही, त्यामुळे फाटलं तर दुरुस्ती अवघड. आणि उत्तरेला बाउंडरी वॉटर्समध्ये जायचं असेल तर माझी कनू नेऊच नका. तिथे एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना कनू खांद्यावर घ्यावी लागते. ते अंतर अजून 'रॉड'मध्ये मोजतात, एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, साधारण एका कनूची लांबी. शंभर रॉड म्हणजे अर्धा किलोमीटर, चिखलातून, डासांतून. पण वर्षातल्या त्या चार दिवसांसाठी ईलीला केव्हलारची कनू भाड्याने मिळते. चार दिवसांसाठी बारा महिने गॅरेजमध्ये 3000 डॉलर टांगून ठेवायचं कारण मला समजत नाही.

आणि 'खरी' कनू म्हणजे कुठली? ओजिब्वे लोक ती बर्चच्या सालीची करत, सीडरच्या फासळ्या, स्प्रूसच्या मुळांची शिवण. मग कॅनव्हास आला. 1944 साली ग्रमन या लढाऊ विमानांच्या कंपनीतले विल्यम हॉफमन अ‍ॅडिरॉन्डॅकमध्ये जड कॅनव्हासची कनू वाहून वैतागले, आणि युद्ध संपताना त्या कंपनीने अ‍ॅल्युमिनियमच्या कनू काढल्या. खडकाला लागली की त्या रिकाम्या डब्यासारख्या वाजतात. आज उन्हाळा संपताना मिनेसोटाच्या तळ्यांत ओजिब्वे लोक मनोमिन, म्हणजे पाण्यातला जंगली तांदूळ, काढायला जातात, तेव्हा त्यांच्याकडे अशाच साध्या, पोचे आलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या कनू दिसतात. ज्यांची ही नाव मुळात आहे त्यांना तिच्यात तांदूळ आणायचा असतो. खरेखोटेपणाचा कीस आपण पाडतो.

मला राग येतो तो याचा की असं एक वाक्य ऐकून माणसं घरीच बसतात. आमच्याच मंडळात एक जोडपं आहे. त्यांना यायचं होतं; "नीट कनू घेऊ तेव्हा येऊ" म्हणाले. तीन उन्हाळे झाले. पाचशे रुपयांच्या बुटांत आम्ही हरिश्चंद्रगड चढलो होतो, आणि आमच्या पुढे चालणारा वाटाड्या रबरी चपलांत होता. तेव्हा कुणी आधी बूट बघून मग गडावर सोडलं असतं तर आमच्यातले निम्मे पाचनईतूनच परतले असते.

बाबा जूनमध्ये पुन्हा येताहेत. पहिल्यांदा कनू पाहिली तेव्हा त्यांनी ती कशाची आहे, केवढ्याला पडली, काही विचारलं नाही. भोवती एक फेरी मारली, कडेवर हात टेकून थोडं दाबून पाहिलं आणि विचारलं, "किती माणसं बसतात?" मी तीन म्हटलं. मग आम्ही लेक ऑफ द आयल्सपासून कालव्यातून सीडर लेकपर्यंत गेलो आणि आलो. पुढे ते, मध्ये माझी लेक, मागे मी. त्या जोडप्याला मी कळवलंय की जूनमधल्या एका रविवारी आमची कनू घेऊन जा. जॅकेटं आमच्याकडे चार आहेत.