पाठीशी घालणं वेगळं, माया वेगळी

भयंकर गुन्हा केलेल्या मुलाला आईबाप ‘आमचाच’ म्हणाले, की लोकांच्या तळपायाची आग मस्तकात जाते. त्यांनी मुलाच्या नावानं आंघोळ केली, तरच त्यांना मेलेल्यांचं दुःख आहे म्हणायचं. ‘मदर इंडिया’ चित्रपटातली राधा आपल्या मुलाला, बिरजूला गोळी घालते, ती आपल्याला आदर्श आई वाटते. त्याच बिरजूला कवटाळून ती रडते, हे मात्र कुणी काढत नाही.

20 एप्रिल 1999 ला अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या कोलंबाइन हायस्कूलमध्ये दोन विद्यार्थ्यांनी 12 मुलं आणि एक शिक्षक मारले, मग स्वतःला संपवलं. त्यातल्या डिलन क्लीबोल्डची आई स्यू. त्या दुपारी इतर आया आपलं पोर वाचावं म्हणून देवाला विनवत होत्या. आपला मुलगा आणखी कुणाला मारण्याआधी मरावा, असं मागणं तिला मागावं लागलं. हे तिनंच लिहिलंय. त्या दोघांनी आधीच करून ठेवलेल्या चित्रफिती पोलिसांनी पुढे ऑक्टोबरमध्ये तिला दाखवल्या. पडद्यावर तिचा मुलगा द्वेष ओकत होता, हत्यारं मिरवत होता. त्याला कुणी तरी नादी लावलं असेल, हा आधारही गेला. माया गेली नाही. मृतांच्या घरी तिनं पत्रं लिहिली होती. 2016 मध्ये पुस्तक लिहिलं आणि त्याची कमाई मानसिक आरोग्याच्या कामाला दिली. मुलाच्या मनात काय शिजत होतं आणि ते आपल्या नजरेतून कसं सुटलं, हे तिनं त्यात खणून काढलंय. मुलाचं नाव टाकलेल्या आईनं एवढं खणलं असतं? मला नाही वाटत.

कोलंबाइनजवळच्या टेकडीवर मृतांसाठी 15 क्रूस उभारले गेले. त्यातले मारेकऱ्यांचे दोन एका मृत मुलाच्या बापानं उखडले. त्याच्या रागाला मी चूक म्हणणार नाही. ज्याचं पोर गेलं त्याला क्षमेचे धडे कुणी देऊ नयेत. पण तो राग त्याचा आहे. लांबून बातमी वाचणाऱ्या आपण तो उसना कशाला घ्यायचा?

आणखी एक आक्षेप जास्त वजनदार आहे: मायेपोटीच गुन्हे झाकले जातात. जातात, खरंच. अमेरिकेतल्याच मिशिगनमध्ये 2021 साली एका बापानं मुलासाठी पिस्तूल घेतलं. चारच दिवसांत मुलानं शाळेत चार विद्यार्थी मारले. गोळीबाराच्या दिवशी सकाळी शाळेनं आईबापांना बोलावून त्यानं काढलेलं भीषण चित्र दाखवलं, तरी त्यांनी त्याला घरी नेलं नाही. 2024 मध्ये दोघांनाही 10 ते 15 वर्षांची शिक्षा झाली. ती हलगर्जीपणाची होती, मायेची नव्हे. गुन्हेगाराला आसरा दिल्यास आपल्या भारतीय न्याय संहितेचं कलम 249 नवरा-बायकोला सूट देतं, आईबापांना देत नाही. मला ते योग्यच वाटतं. मुलाला लपवू नका, एवढं कायदा सांगतो. त्याच्याविषयी मनात काय आहे, ते विचारत नाही.

आईनं पुरावा दडवला असेल तर तिच्यावर जरूर खटला भरा. दडवला नसेल, तर येरवडा तुरुंगाच्या फाटकाशी मुलाखतीच्या रांगेत आधार कार्ड घेऊन उभ्या असलेल्या त्या बाईला, लाज कशी वाटत नाही म्हणून विचारणारे आपण कोण?