सहीचा पगार आणि हातातला पगार

आमच्या समाजात अन्यायावर एक फार जुने औषध आहे आणि ते फुकट मिळते. नोकरीत कोणाची पिळवणूक झाली, हक्काचे पैसे बुडाले, बढती डावलली गेली, की घरातली वडीलधारी मंडळी, शेजारची मावशी, प्रसंगी एखादे फादरसुद्धा एकच सांगतात, ‘देवाला अर्पण करून टाका.’ अर्पण ही ख्रिस्ती जीवनातील थोर गोष्ट आहे, याविषयी आमचा वाद नाही. आजारपण अर्पण करावे, वियोगाचे दुःख अर्पण करावे. परंतु दुसऱ्याने आपल्या खिशातून काढून नेलेली रक्कम आपण अर्पण कशी करणार? ती तर त्याच्या तिजोरीत असते.

हा प्रश्न आम्ही तत्त्वचर्चेच्या हौसेने विचारीत नाही. आमच्या आयुष्याची एकोणीस वर्षे एका खाजगी विनाअनुदानित शाळेच्या कचेरीत गेली. ती शाळा कोणाची व कुठली, हे आम्ही लिहिणार नाही. वाचकांनीही तर्क लढवू नयेत. ज्यांनी अशा ठिकाणी नोकरी केली आहे, त्यांना ती आपलीच वाटेल.

महिन्याच्या १ तारखेला शिक्षकांचा पगार बँकेत जमा होई. पगारपत्रकावर सह्या होत. आकडे नियमाप्रमाणे असत, कारण मान्यता टिकवायची तर कागदावर वेतनश्रेणी दाखवावी लागते. मग ५ ते ७ तारखेच्या दरम्यान, शेवटची घंटा होऊन मुले पांगली की, एकेक बाई, एकेक सर कचेरीच्या दारात येत. हातात लिफाफा असे. त्यावर नाव नसे. कोपऱ्यात पेन्सिलीने अनुक्रमांक असे. ‘भाऊसाहेब, मोजून घ्या,’ असे म्हणून ते खिडकीबाहेर पाहत उभे राहत. आम्ही मोजत असू. सही २४,०००वर असेल, तर लिफाफ्यात ११,००० असत. पुठ्ठ्याच्या एका शंभर पानी वहीत आम्ही आकडा लिहून घेत असू. पावती नसे. व्यवसायकर मात्र मोठ्या आकड्यावर कापलेला असे. म्हणजे जो पगार मिळालाच नाही, त्यावरही कर भरण्याचा मान शिक्षकांना मिळे.

त्या शाळेत गणित शिकविणाऱ्या एक बाई होत्या. यजमानांचा कारखाना बंद पडलेला, घरात सासू अंथरुणावर, मुलगी कॉलेजात. एका महिन्यात त्यांच्या लिफाफ्यात ५०० रुपये कमी भरले. ‘सासूबाईंचे औषध आणले, पुढच्या महिन्यात देते,’ असे त्या म्हणाल्या. आम्ही काय केले? आम्ही त्यांच्या अनुक्रमांकापुढे लाल शाईने ‘बाकी ५००’ असे लिहिले. ज्यांचे संस्था दरमहा ११,००० रुपये देणे लागत होती, त्यांनाच आम्ही कर्जदार ठरवले! आणि त्या वेळी त्यात आम्हाला काहीही विचित्र वाटले नाही. हिशेब जुळला, एवढेच वाटले. चेअरमनसाहेबांनी पुढे बाईंना बोलावून ‘शिस्ती’बद्दल चार शब्द सुनावले, ते निराळेच.

याच बाई रविवारी आपल्या धर्मग्रामात मुलांना धर्मशिक्षण देत. एकदा लिफाफा पुढे सरकवताना त्या म्हणाल्या, ‘भाऊसाहेब, आठव्या आज्ञेचा पाठ आला की माझा घसा बसतो.’ खोटी साक्ष देऊ नये, असे रविवारी मुलांकडून पाठ करून घ्यायचे आणि १ तारखेला स्वतःच्या सहीने खोटी साक्ष द्यायची! आमचे म्हणणे नेमके येथे आहे. पगार थोडा आहे, ही तक्रार वेगळी. गरीब संस्था असते, तिच्याकडे पैसे नसतात, ती थोडे देते आणि थोडे देते असेच लिहिते. ती दारिद्र्याची गोष्ट झाली. तिच्यात लाज नाही. परंतु ज्याला लुबाडायचे त्याच्याच हातून लुबाडणुकीच्या कागदावर सही घ्यायची, हे पैशाच्या चोरीहून भयंकर आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सदसद्विवेकबुद्धीला मनुष्याच्या अंतरीचे पवित्र स्थान मानले आहे. त्या गाभाऱ्यात शिरून मालक तेथेही आपले खाते उघडतो. मग पापनिवेदनाच्या रांगेत बाई उभ्या असतात, आम्ही उभे असतो. चेअरमनसाहेबांनी कोठे सहीच केलेली नसते. त्यांच्या मनावर ओझे कशाचे असणार?

अशा वेळी हमखास ऐकू येणारे एक वाक्य आहे, ‘त्यांनी कबूल केले होते ना? जबरदस्ती कोणी केली?’ या वाक्याला उत्तर देण्यासाठी आम्हाला कोणा क्रांतिकारकाकडे जावे लागत नाही. १५ मे १८९१ रोजी पोप लिओ तेरावे यांनी ‘रेरूम नोव्हारूम’ हे परिपत्रक काढले. गरजेपोटी किंवा अधिक वाईटाच्या भीतीने कामगाराने पडती अट पत्करली, तर तो करार मोकळ्या मनाचा नव्हे, तो जुलमाचा बळी आहे, असा त्यातील विचार आहे. कॅथॉलिक धर्मशिक्षणाच्या ग्रंथानेही २४३४व्या परिच्छेदात हेच धरले आहे : दोन्ही पक्षांची संमती झाली, एवढ्याने वेतन न्याय्य ठरत नाही. २०२५ साली निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हे नाव घेतले आणि त्याचे एक मुख्य कारण म्हणून याच परिपत्रकाचा उल्लेख केला, तेव्हा आमच्याकडे फटाके वाजले, अभिनंदनाचे फलक लागले. ते परिपत्रक किती जणांनी वाचले, हे विचारण्याचा उद्धटपणा आम्ही करीत नाही.

जुन्या धर्मशिक्षणात स्वर्गाकडे दाद मागणारी चार पापे पाठ करून घेत. मजुराची मजुरी बुडविणे हे त्यांपैकी एक, मनुष्यहत्येच्या पंक्तीला बसविलेले. आमच्या आजीला लिहितावाचता येत नव्हते, पण ही चार पापे तिला एका दमात म्हणता येत. आजच्या प्रवचनांत पहिल्या दोहोंचा उल्लेख कधीमधी ऐकू येतो. मजुरीचे पाप कानावर आल्याला बरीच वर्षे झाली.

उलट द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला मात्र व्यवस्थापनांना फार प्रिय आहे. आम्ही तो एका वार्षिक स्नेहसंमेलनात, पाहुण्यांच्या भाषणात, स्वतः ऐकला. माझ्या पैशाचे मी हवे ते करीन, असे मालकाने म्हटले की नाही? म्हटले. पण कोणत्या बाबतीत म्हटले? संध्याकाळी पाचला आलेल्यालाही दिवसभराचा दीनार देण्याच्या बाबतीत. पहाटे आलेल्याचा दीनार त्याने अर्धा कापला नाही, आणि कोणाही मजुराला ‘दोन दीनार मिळाले’ असे लिहून द्यायला लावले नाही. मालकाच्या औदार्याचा दाखला मालकाच्या कंजूषपणासाठी वापरणे, यापरते शास्त्राचे विडंबन आम्हाला ठाऊक नाही.

कायद्याचेही थोडे सांगितले पाहिजे, कारण ‘कायदा आमच्या हातात नाही’ अशी समजूत शिक्षकांमध्ये घर करून आहे. महाराष्ट्रात खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा १९७७ साली झाला. त्यात राजीनाम्याविषयी एक बारकावा आहे : राजीनामा दोन प्रतींत लिहावा, दोन्हींवर सही करावी आणि तारीख घालावी. तारखेवर एवढा कटाक्ष कशासाठी? नेमणुकीच्या दिवशीच कोऱ्या तारखेचा राजीनामा लिहून घेऊन खणात ठेवण्याची चाल ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. आमच्या कचेरीतही असा खण होता. त्याची किल्ली आमच्याकडे नव्हती, एवढेच काय ते आमचे पुण्य.

ग्रॅच्युइटीची कथा तर अधिक बोलकी आहे. तो कायदा १९७२चा. शिक्षक त्या कायद्याच्या व्याख्येत बसत नाहीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली दिला. मग संसदेने २००९ साली दुरुस्ती करून शिक्षकांना त्यात घेतले, तेही ३ एप्रिल १९९७ पासून. त्या दुरुस्तीला आव्हान कोणी दिले? खाजगी शाळांनी. ऑगस्ट २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचे म्हणणे फेटाळले आणि थकलेली रक्कम चुकती करण्यास सांगितले. शिक्षकदिनी फूल देणाऱ्या हातांनीच ही वकीलपत्रे सही केली होती. आणि जेथे न्यायालयापर्यंत जाण्याची ऐपत नव्हती, तेथे जून ते एप्रिल अशा अकरा महिन्यांच्या नेमणुका होत. मे महिन्याचा पगार नाही, आणि सेवा दरवर्षी नव्याने सुरू. वीस वर्षे शिकवूनही बाई कागदावर दरवर्षी नवशिक्याच!

व्यवस्थापनाची बाजूही आहे. पालक फी थकवतात. काही संस्थांना शासनाकडून येणारी प्रतिपूर्ती वेळेवर मिळत नाही. आणि शासनाने तरी कोणता आदर्श घालून दिला? २००० साली शिक्षणसेवक योजना आणून तरुणांना प्राथमिक शाळेत ३,००० रुपये मानधनावर राबविण्याचा धडा शासनानेच दिला. ते मानधन वाढत वाढत १६,००० व्हायला २०२३ साल उजाडले. हे सर्व आम्हाला मान्य आहे. पण यातील कोणत्याही अडचणीमुळे लिफाफ्याची गरज उत्पन्न होत नाही. अडचण असेल तर पालकसभेत ताळेबंद मांडा. त्याच वर्षी नवे प्रवेशद्वार बांधले, त्याला संगमरवर लावला, तेव्हा अडचण कोठे गेली होती?

वाचकहो, येथवर वाचताना संस्थाचालकांचे चेहरे डोळ्यांसमोर आणून आपण माना डोलावल्या असतील. जरा आपल्या ओटीवर या. वाडीत केळीच्या बागेला पाणी सोडणारा आदिवासी गडी, घरकामाला येणारी बाई, लग्नाच्या मांडवात भांडी घासणाऱ्या पोरी, यांचा हिशेब आपण सूर्य मावळण्यापूर्वी करतो का? मोशेच्या नियमशास्त्राने मुदत तेवढीच दिली आहे. ‘पुढच्या आठवड्याला ये, सुटे नाहीत’ हे वाक्य आमच्याही घरात उच्चारले गेले आहे.

आता आमच्याविषयी. ती वही आम्ही अकरा वर्षे लिहिली. एका उपवासकाळात पापनिवेदनाला गेलो असता, आम्ही ‘खोटे हिशेब लिहितो’ एवढेच सांगितले. फादर म्हणाले, ‘तुमच्या खोट्याची क्षमा मी देतो, पण त्या लोकांचे पैसे कोण परत करणार?’ हा प्रश्न आम्ही घरी घेऊन आलो आणि जूनमध्ये चेअरमनसाहेबांना सांगितले की, यापुढे वही आम्ही लिहिणार नाही. आरडाओरडा झाला नाही. आमचे टेबल ग्रंथालयातील मोडक्या कपाटांमागे गेले, वेतनवाढ थांबली आणि वही शेजारच्या तरुण लिपिकाकडे गेली. त्यालाही घर होते. निवृत्तीपर्यंतची आठ वर्षे आम्ही फाटक्या पुस्तकांना डिंक लावला. धर्मग्रामात कोणी म्हणाले, भाऊसाहेबांना अकरा वर्षांनी सुचले! त्यांचे खरेच होते. ती अकरा वर्षे आम्ही कोणाला अर्पण करावीत?

भरलेल्या वह्या फाडून टाकण्याचा हुकूम असे. शेवटची आम्ही फाडली नाही. गणिताच्या बाई निवृत्त झाल्या, हाती काही आले नाही, तेव्हा आम्ही वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. साक्षीला उभे राहण्याची तयारी सांगितली. बाईंनी चहा केला, वही उघडली, आपला अनुक्रमांक शोधून बोट ठेवले. लाल शाईचे ते ‘बाकी ५००’ त्यांना दिसले असावे. मग वही मिटून आमच्याकडे सरकवत त्या म्हणाल्या, ‘भाऊसाहेब, राहू द्या. माझी भाची जूनपासून तिथेच लागली आहे.’