काळबादेवीची आग आणि चार घरं

९ मे २०१५ ला काळबादेवीतल्या गोकुळ निवासला आग लागली. ती विझवताना इमारतच कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे दोन अधिकारी ढिगाऱ्याखाली गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि खुद्द मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर गंभीर भाजले. त्याच महिन्यात दोघांचंही निधन झालं.

सगळ्यात वरचा साहेब स्वतः आगीजवळ होता, हे आम्ही वर्गात मुलांना मुद्दाम सांगतो. या नोकरीत बढती मिळाली म्हणून माणूस आगीपासून लांब जात नाही. घरच्यांना ते ठाऊक असतं. अम्मी असो की आई, तो परत येईपर्यंत तिचा जीव टांगणीला.

काळबादेवी काही लांब नाही. नळबाजार, भेंडीबाजारच्या जुन्या चाळींतही तेच लाकडी जिने, आणि त्यावर आपणच ठेवलेले सिलिंडर, सायकली, मोडकी कपाटं. राज्याच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे ज्या इमारतींत अग्निसुरक्षेची यंत्रणा लागते, तिथे ती चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत द्यायचा असतो. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हा विषय काढून बघा. "बाद में देखेंगे" म्हणून पुढचा विषय, बहुतेक पार्किंगचा. आणि बंब गल्लीत शिरायचा तर आधी त्याच गाड्यांचे मालक शोधावे लागतात.