इंग्रजीच्या वर्गात मी एकटीच भारतीय

अमेरिकेत पोहोचल्यावर पहिले दोन महिने मी नातेवाइकांशी खोटं बोलले. खाला, फुफू, मोहल्ल्यातल्या मैत्रिणी, सगळ्यांना सांगितलं होतं की माझं एमएस सुरू झालं. प्रत्यक्षात मी विद्यापीठाच्या इंग्रजी भाषा कार्यक्रमात बसत होते. आयईएलटीएसमध्ये मला साडेपाच मिळाले होते, विभागाला साडेसहा हवे होते. म्हणून प्रवेश सशर्त होता: आधी भाषेचे वर्ग पूर्ण करा, मग मृदाशास्त्र. खरं फक्त अम्मी-अब्बांना माहीत होतं, कारण कर्जाच्या कागदांवर सही अब्बांची होती.

लाज कशाची वाटत होती? "अमेरिकेला गेली आणि एबीसीडी शिकतेय" असं कुणीतरी म्हणेल याची. माझी शाळा मराठी माध्यमाची, परभणी जिल्ह्यातली. कृषी पदवी इंग्रजीतून झाली असं मार्कशीट सांगते, पण ते इंग्रजी पाठांतराचं होतं. चार वर्षांत इंग्रजीतून सलग पाच वाक्यं बोलायची वेळ कुणी आणली नाही आणि मीही येऊ दिली नाही.

पहिल्या दिवशी चाचणी झाली. व्याकरणात वरची पातळी, ऐकण्यात जवळजवळ तळाची. मी वर्गात शिरले तेव्हा शिक्षिकेने हसून विचारलं, खोली चुकली का? तिच्या मते भारतीयांना इंग्रजी येतंच. वर्गात सौदी, चिनी, कोरियन, एक ब्राझीलचा मुलगा, आणि भारतीय मी एकटीच. तिचा गैरसमज वाईट हेतूचा नव्हता. तिला आजवर भेटलेले भारतीय ज्या शाळांमधून आले होते, त्या शाळांच्या फाटकापर्यंतही आमच्या गल्लीतली मुलं जात नाहीत, इतकंच.

सौदी विद्यार्थ्यांकडून मी जे शिकले ते पुस्तकात नव्हतं. 2005 मध्ये त्यांच्या सरकारने राजे अब्दुल्लांच्या नावाने मोठी शिष्यवृत्ती योजना सुरू केली. त्यातून हजारो मुलं-मुली अमेरिकेत गेली आणि त्यातल्या पुष्कळांनी सुरुवात भाषेच्या वर्गापासूनच केली. त्यांच्यासाठी ही एक ठरलेली पायरी होती. माझ्या शेजारी बसणारी बाई दोन लेकरांची आई होती. तिला शब्द अडला की ती हात वर करून मोठ्याने विचारायची, वर्ग थांबवायची. मी मात्र न समजलेलं वहीत लिहून घ्यायची आणि रात्री खोलीवर शोधायची. तीन महिन्यांत ती माझ्या पुढे गेली.

आता गंमत सांगते. इंग्रजीतला 'थिंक'चा उच्चार मराठी 'थ'ने होत नाही. जिभेचं टोक वरच्या दातांच्या कडेला लावून हवा सोडावी लागते. चिनी आणि कोरियन मुलं त्यावर आठवडा घासत होती. मला पहिल्याच दिवशी जमलं. शिक्षिकेने विचारलं, कुठे शिकलीस? मकतबमध्ये! आमच्या आपा तजवीदच्या बाबतीत फार कडक होत्या. 'से'चा मखरज चुकला की सबक पुढे जात नसे. 'से' म्हणजे 'थिंक'मधला आवाज आणि 'ज़ाल' म्हणजे 'दिस'मधला. सात-आठ वर्षांची असताना जिभेला लागलेलं वळण तिथे कामी आलं. 'मकतबमुळे मुलं मागे पडतात' असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे ऐकावं. (मकतबमधलं सगळंच छान होतं असं मात्र मी म्हणणार नाही, छडी अजून आठवते.)

उरलेलं काही इतकं सोपं नव्हतं. मराठीत 'अ' आणि 'द' ही उपपदं नाहीत. मी 'द' मिठासारखं अंदाजाने टाकायची. अरबीत 'अल' आहे, त्यामुळे सौदी मुलींना 'द' कळायचं, पण 'अ' सुटायचं. त्यांना 'प' जमत नसे, 'पार्किंग'चं 'बार्किंग' व्हायचं. शंका विचारताना मी 'आय हॅव अ डाउट' म्हणायची. तिथे त्याचा अर्थ तुमच्या बोलण्यावर माझा विश्वास नाही, असा लागतो. 2014 ला 'पास आउट' झाले म्हटलं, तर शिक्षिका काळजीत पडली. तिथे पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं.

सगळ्यात मोठा धक्का निबंधाचा. मी पुस्तकातली चांगली वाक्यं जशीच्या तशी लिहिली, कारण गाइडमधलं उत्तर शब्दशः उतरवलं की आपल्याकडे पैकीच्या पैकी गुण मिळतात. तिथे मला बोलावून सांगितलं गेलं की ही चोरी आहे. मी रडले. मग नियम समजून घेतला: वाचा, पुस्तक मिटा, स्वतःच्या शब्दांत लिहा, कुणाचं म्हणणं ते सांगा. ही सवय मला पंधरा वर्षांत कुणी लावली नव्हती.

तरीही मी कुणाला सांगणार नाही की माझ्यासारखं करा. हिशेब ऐका. अशा वर्गांचे श्रेयांक सहसा पदवीला धरले जात नाहीत. फी डॉलरमध्ये, व्याज रुपयांत चढत राहतं. एफ-1 व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त 20 तास काम करता येतं, त्यात ही फी निघत नाही. माझ्या कर्जाचा मोठा वाटा त्या इंग्रजीवर गेला, जे मी इथेच शिकू शकले असते.

इथे म्हणजे खरोखर इथे. इराण, अफगाणिस्तान आणि अरब देशांमधून मुलं कित्येक वर्षं पुण्याला शिकायला येतात आणि इथेच इंग्रजी सुधारतात. हैदराबादच्या इंग्रजी आणि परकीय भाषा विद्यापीठात परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवलं जातं. जग इंग्रजी शिकायला आपल्या दारात येतं आणि आपण 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'च्या पाट्यांखाली पैसे भरतो.

मुंबईत अंजुमन-ए-इस्लाम 1874 मध्ये उभी राहिली, अलीगढचं कॉलेज पुढच्याच वर्षी. सर सय्यद यांचं स्वतःचं इंग्रजी बेताचंच होतं, तरी त्यांनी ते दुसऱ्यांसाठी मागितलं. आज आपल्या जलशांत वाद कशावर? उर्दू माध्यम की इंग्रजी माध्यम. आणि जी पोरं मराठी किंवा उर्दूतून शिकून विशीत पोहोचली, त्यांचं काय? त्यांच्यासाठी मला साधी गोष्ट हवी आहे. आपल्या ट्रस्टच्या कॉलेजांनी सुट्टीत तीन महिन्यांचा वर्ग चालवावा. आधी पातळीची चाचणी, मग आठवड्याला 18 तास, वर्गात पंधराच जण. अमेरिकेत भाषेच्या विद्यार्थ्याला व्हिसाच्या नियमाने वर्गातले किमान 18 तास भरावेच लागतात, आणि माझ्या अनुभवाने फरक पडतो तो या तासांनी. इमारत आहे, शिक्षक आहेत, मे महिन्यात खोल्या रिकाम्या असतात.

वाट बघत बसायला नको म्हणून आम्ही तिघींनी परभणीत ऑनलाइन वर्ग सुरू केला, रविवारी सकाळी. नावं आठ जणींनी दिली होती, आल्या पाच. दोघींनी निरोप पाठवला की चाचणी आहे हे माहीत नव्हतं. तिसरीच्या भावाने कळवलं की तिला ताप आहे. तिघींनाही पुढच्या रविवारी चाचणीशिवाय बोलावलं आहे.