वाइन म्हणजे औषध नव्हे

गेल्या काही वर्षांत अकोटसारख्या गावातही डॉक्टरला एक नवा प्रश्न विचारला जाऊ लागला आहे. रक्तदाबाची गोळी लिहून देत असताना पेशंट आवाज खाली करून म्हणतो, “डॉक्टरसाहेब, दारू नाही घेत मी. पन वाइन घेतली तं चालते नं? हृदयाले चांगली असते म्हन्तात.” विचारणारा बहुधा चांगला शिकलेला असतो. मुलगा पुण्यामुंबईकडे नोकरीला असतो, दिवाळीला येताना तो एक बाटली घेऊन येतो आणि ‘बाबा, ही औषधासारखी आहे’ असे सांगतो. ज्या घरात देशीच्या बाटलीवरून भांडणे झाली असती, त्याच घरात ही बाटली फ्रीजमध्ये मानाने उभी राहते.

हा समज आला कोठून, ते आधी पाहू. फ्रेंच लोक लोणी, चीज, मांस भरपूर खातात, तरी त्यांच्यात हृदयविकाराने होणारे मृत्यू इतर पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी दिसतात, असे आकडे होते. १९९१ साली अमेरिकेतल्या एका टेलिव्हिजन कार्यक्रमात याचे श्रेय रेड वाइनला दिले गेले. पुढच्याच वर्षी सर्ज रेनो आणि त्यांच्या सहकाऱ्याचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आला. झाले! जगभरच्या वाइनवाल्यांना डॉक्टरची चिठ्ठीच मिळाली.

पण त्या काळातल्या अशा बऱ्याच अभ्यासांत एक मोठी गोम होती. ‘न पिणारे’ म्हणून ज्यांची नोंद व्हायची, त्यांत लिव्हर बिघडल्यामुळे किंवा हृदयाचे दुखणे लागल्यामुळे ज्यांनी दारू सोडली, असे आजारी लोकही असत. साहजिकच न पिणाऱ्यांचा गट जास्त आजारी दिसायचा आणि थोडी पिणारे धडधाकट. शिवाय जेवणाबरोबर बेताने वाइन घेणारा माणूस बहुधा खाऊनपिऊन सुखी असतो, भाजीपाला-फळे खातो, वेळेवर तपासण्या करून घेतो. त्याच्या तब्येतीचे श्रेय ग्लासाला का द्यायचे? या गोष्टी हिशोबात घेतल्यावर वाइनचा फायदा विरघळत गेला. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्टच सांगितले, की आरोग्याला सुरक्षित असे दारूचे कोणतेही प्रमाण सांगता येत नाही. दारूमुळे कॅन्सर होतो, हे तर त्याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ सालीच मान्य केले होते. तोंड, घसा, अन्ननलिका, लिव्हर, मोठे आतडे आणि स्त्रियांचे स्तन, इतक्या ठिकाणी हा संबंध सिद्ध झालेला आहे. त्यात द्राक्षाची दारू वगळलेली नाही.

खुद्द फ्रान्सचे काय? १९६० च्या सुमारास तिथे माणशी वर्षाला शंभर लिटरहून जास्त वाइन प्यायली जायची. आता ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आले आहे. १९९१ पासून तिथे दारूच्या जाहिरातींवर कायद्याने कडक बंधने आहेत. तिथले आरोग्य खाते आज लोकांना सांगते की दिवसाला दोन ग्लासांपेक्षा जास्त नको, आणि तेही रोज नको. म्हणजे ज्यांच्या नावाने आपण प्यायला निघालो, ते कमी करत चालले आहेत.

आपल्या महाराष्ट्रात हा धंदा नवा नाही. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने फेसाळणारी वाइन तयार केली. पुढे राजीव सामंत अमेरिकेत शिकून, नोकरी सोडून परतले आणि नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या बाजूला त्यांनी ‘सुला’ उभी केली. २००१ साली सरकारने वाइनसाठी वेगळे धोरण आणले आणि नाशिक, दिंडोरी, सांगलीकडे वाइनच्या द्राक्षांचे मळे वाढले. पर्यटक तिकीट काढून ते बघायला जातात, चव घेतात.

मीही नाशिकला गेलो असताना एक वायनरी पाहून आलो. बघण्यासारखी आहे, हे कबूल करतो. खायच्या द्राक्षांपेक्षा ही द्राक्षे बारीक, जाड सालीची, बियांची. जानेवारी ते मार्चच्या दरम्यान तोडणी होते. पांढऱ्या वाइनसाठी रस काढून मग आंबवतात, लालसाठी सालीसकट आंबवतात. रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो. यीस्ट द्राक्षातली साखर खाते आणि तिचा मद्यार्क करते. मोठमोठ्या स्टीलच्या टाक्या गार ठेवलेल्या असतात, काही वाइन ओकच्या पिंपांत मुरते. मग चव घेण्याची खोली. ग्लास तिरका धरून रंग बघायचा, गोल फिरवायचा, नाक घालून वास घ्यायचा, घोट तोंडभर घोळवायचा. आणि यापुढचा भाग महत्त्वाचा आहे. फ्रान्समध्ये जे चव घेण्याचेच काम करतात, ते तो घोट गिळत नाहीत, भांड्यात थुंकून टाकतात. दिवसभरात वीस-तीस नमुने चाखून पुन्हा घरी सरळ चालत जायचे असते ना! आमच्या गटात मात्र थुंकणारा एकही निघाला नाही. पैसे मोजलेली वस्तू थुंकायची कशी, हा आपला हिशोब.

आता जरा खरा हिशोब करू. वाइनमध्ये साधारण साडेबारा टक्के मद्यार्क असतो. समजा तीस-तीस मिलीचे पाच नमुने गिळले, तर पोटात सुमारे १५ ग्रॅम मद्यार्क गेला. व्हिस्कीच्या तीस मिलीच्या पेगमध्ये तो १० ग्रॅम असतो. म्हणजे चव घेता घेता दीड पेग झाला. साठ किलो वजनाच्या माणसाच्या रक्तात एवढ्याने १०० मिलीला ३० मिलिग्रॅम ही गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ओलांडली जाऊ शकते. स्त्रियांच्या शरीरात पाण्याचे प्रमाण कमी असल्याने त्यांना ती आणखी लवकर चढते. आणि मुलाने आणलेली ७५० मिलीची अख्खी बाटली म्हणजे सात पेगांहून थोडी जास्तच.

सालीतल्या ‘रेस्व्हेराट्रॉल’ या द्रव्याचे फार कौतुक ऐकू येते. एक लिटर रेड वाइनमध्ये ते जेमतेम काही मिलिग्रॅम असते. प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिलेल्या मात्रेएवढे मिळवायचे तर माणसाला बाटल्या नव्हे, पिंपे रिकामी करावी लागतील. ते काळ्या द्राक्षांच्या सालीत असते, आणि थोडेफार आपल्या भुईमुगाच्या दाण्यांतही.

जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असेही बोलले गेले. विरोध झाला, निर्णय अमलात आला नाही. शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव मिळावा, याला माझा विरोध असण्याचे कारण नाही. कपाशीचे भाव पडल्यावर काय होते, ते आम्ही वऱ्हाडात रोज बघतो. पण भाव मिळावा म्हणून मालाला औषधाचे नाव द्यायचे, हे पटत नाही. मेळघाटात मोहाच्या फुलांची दारू काढणाऱ्याला पोलिस धरतात आणि काचेच्या ग्लासातल्या दारूला आपण ‘संस्कृती’ म्हणतो. लिव्हरला हा फरक कळत नाही. इथून जवळच असलेल्या शेंडगावच्या गाडगेबाबांचे वडील दारूपायी गेले. बाबांनी जन्मभर कीर्तनातून दारूविरुद्ध सांगितले ते उगाच नव्हे.

काहीजण विचारतील, मग द्राक्षारिष्ट, द्राक्षासव? त्यातही आंबवण्याने तयार झालेला मद्यार्क असतो, बाटलीवर तसे छापलेले असते. पण ते वैद्याने सांगितलेल्या मात्रेत, पाणी घालून, ठरावीक दिवस घ्यायचे असते. रोज अर्धी बाटली संपवणारा पेशंट ‘मी तर औषध घेतो’ म्हणू लागला, तर घरच्यांनी सावध व्हावे. मुलांना तर ते मनाने देऊच नये.

मधुमेहाच्या पेशंटसाठी मुद्दाम लिहितो. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना रिकाम्या पोटी वाइन घेतली, तर काही तासांनीही रक्तातली साखर एकदम उतरू शकते. घाम, थरथर, बरळणे अशी लक्षणे दिसतात आणि घरचे म्हणतात, चढली आहे, झोपू द्या. तिथेच घात होतो. माणूस नीट शुद्धीवर असेल तर लगेच साखरेचे पाणी पाजावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता थेट दवाखान्यात न्यावे. मेट्रोनिडॅझोल, टीबीची औषधे, झोपेच्या गोळ्या चालू असतील तर दारू कोणत्याच नावाने नको. सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’ लिहून आलेल्यांनाही तेच.

एक उलटी बाजूही आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने हा लेख वाचून उद्या सकाळी एकदम बंद करू नये. अशा माणसाला दोन-तीन दिवसांत हातापायाला कंप, झोप न येणे, भास होणे, झटके येणे असा त्रास होऊ शकतो, आणि तो जीवावर बेततो. डॉक्टरच्या देखरेखीखाली, बी-१ जीवनसत्त्व आणि काही दिवसांच्या गोळ्या घेऊन दारू सुखरूप सोडता येते. सोबत घरातल्या कुणाला तरी घेऊन यावे. पेशंट किती पितो, याचा खरा आकडा बहुधा तेच सांगतात.