अडसर ग्राहकाचा नव्हे, संचालकांचा!

नागरी सहकारी बँकांच्या व्यासपीठांवर एक सूर नेहमी ऐकू येतो. आमचा सभासद साधा, वयस्क. त्याला नवे तंत्रज्ञान झेपणार नाही! हा युक्तिवाद जितका सोयीचा, तितकाच असत्य आहे. एप्रिल २०१६ मध्ये यूपीआय प्रणाली अवतरली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये तिच्या एका महिन्यातील व्यवहारांनी एक हजार कोटींची संख्या ओलांडली. हे सारे व्यवहार काय संगणक अभियंत्यांनी केले? मंडईतील भाजीवालीने आणि देवळाबाहेरच्या फुलवाल्यानेही ते केले. सामान्य माणूस केव्हाच पुढे गेला. मागे राहिली ती त्याची बँक.

रंगराजन समितीने १९८४ व १९८९ मध्ये बँकांच्या संगणकीकरणाची दिशा आखली, तेव्हा नोकऱ्या जातील या भयाने कर्मचारी संघटनांनी विरोध केला. तो विरोध निदान उघड होता. आजचा अडसर मूक आहे. तो संचालक मंडळाच्या बैठकीत विषय पुढील सभेपर्यंत तहकूब ठेवतो.

खर्च मोठा, जोखीम मोठी, हे खरेच. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून सायबर दरोडेखोरांनी सुमारे ९४ कोटी रुपये लुटले. ३१ जुलै २०२४ रोजी तंत्रसेवा पुरविणाऱ्या एका कंपनीवर हल्ला होताच सुमारे तीनशे लहान बँका देयक यंत्रणेपासून तात्पुरत्या तोडाव्या लागल्या. परंतु यावरून तंत्रज्ञानच नको, असा निष्कर्ष काढणे म्हणजे चोरी झाली म्हणून कुलूपच न लावण्यासारखे आहे. खरा बोध वेगळा आहे. एकेकट्या बँकेला सुरक्षेचा हा भार पेलणारा नाही आणि परक्याच्या हाती सर्वस्व सोपवूनही चालणारे नाही.

मग सहकार कशासाठी? सावकारी पाशातून सुटण्यासाठी ज्यांनी पै-पै एकत्र केली, त्यांच्या वारसांना एक सामायिक संगणक यंत्रणा उभारता येऊ नये? नागरी बँकांची शिखर संस्था २ मार्च २०२४ रोजी औपचारिकरीत्या कार्यान्वित झाली. सामायिक तंत्रज्ञान पुरविणे हे तिचे एक प्रमुख उद्दिष्ट आहे. मात्र सुमारे दीड हजार बँकांनी ‘आमचे आम्ही पाहू’ हा अहंकार सोडला, तरच तिला अर्थ आहे.

येथे वाचकांचेही कर्तव्य आहे. आपल्यापैकी अनेकजण अशा बँकांचे भागधारक आहेत. वार्षिक सभेत आपण लाभांश किती, एवढेच विचारतो. यंदा आणखी तीन प्रश्न विचारावेत. सायबर सुरक्षेवर किती खर्च केला? संचालकांपैकी तंत्रज्ञान कोणाला कळते? शिखर संस्थेत आपल्या बँकेचा सहभाग आहे काय?

उत्तर न मिळाल्यास पुढील पिढी वाद घालत बसणार नाही. ती शांतपणे खाते बंद करील. तीन पिढ्यांनी जोपासलेली बँक अशी निःशब्द संपू द्यायची की जागे व्हायचे, हे सभासदांनीच ठरवायचे आहे.