‘६०० पट’ म्हणजे कशाच्या?

महाराष्ट्रातील मराठी दैनिकांच्या आणि वृत्तवाहिन्यांच्या संपादकांस,



२०२४ संपता संपता बुलढाण्याच्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांतल्या लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुठीने गळू लागले. काही माध्यमांनी त्याला ‘टक्कल व्हायरस’ म्हटलं, मग दोष पाण्यावर गेला. फेब्रुवारी २०२५ मध्ये डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं आणि ‘६०० पट सेलेनियम’ हे शब्द सगळीकडे झळकले.

बावस्करांबद्दल आम्हाला आदर आहे. विंचूदंशावर त्यांनी रुजवलेल्या प्राझोसिन या औषधाचं मोल भातखाचरात राबणाऱ्यांना सांगावं लागत नाही. सेलेनियम अति झालं की केस जातात, हे वैद्यकाला पूर्वीपासून ठाऊक आहे, त्यामुळे त्यांचं म्हणणं खरंही असेल. माझी तक्रार मथळ्याशी आहे. ६०० पट कशाच्या? तर तिथल्या स्थानिक गव्हाच्या. पण नमुने किती होते, किती दुकानांतले होते? आणि मुख्य म्हणजे, तोच गहू खाऊन ज्यांचे केस शाबूत राहिले, त्यांच्या रक्तात सेलेनियम किती निघालं? या तुलनेशिवाय गहू हेच कारण, असं ठामपणे म्हणता येत नाही.

२०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकाराने कच्च्या अभ्यासाचाही मोठा मथळा कसा होतो, हे दाखवण्यासाठी जर्मनीत मुद्दाम चॉकलेट आणि वजनावर एक प्रयोग केला. माणसं १५, मोजलेल्या गोष्टी १८. इतकं मोजलं की निव्वळ योगायोगानेही काहीतरी ‘लक्षणीय’ निघण्याची शक्यता सुमारे ६० टक्के होते. ‘चॉकलेटने वजन घटतं’ ही बातमी तरीही देशोदेशी छापली गेली.

चॉकलेटची बातमी विसरता येते, गव्हाची नाही. शहरातला वाचक घाबरला तर दुसरीकडून पीठ आणेल. शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर घरचे भात-नाचणी संपले की रेशनवाचून चालत नाही. तो गहू कुठल्या शेतातला, हे घेणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. भीती मात्र थेट ताटात येते.

म्हणून विनंती आहे. आरोग्याच्या प्रत्येक बातमीत पहिल्याच परिच्छेदात किती माणसं तपासली आणि तुलना कोणाशी केली, ते छापा. ‘पट’ लिहाल तिथे मूळ प्रमाण आणि सुरक्षित मर्यादाही द्या. आणि पुढच्या तपासात निष्कर्ष बदलला, तर तो त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांत छापा.

आपला,
एक वाचक
शेणवा, ता. शहापूर, जि. ठाणे